सदतीस नंबरचं पान

मॅडम,

तुमची वेबसाइट या महिन्याअखेर बंद होते आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तुळिंजमधला तुमचा कॉम्प्युटर क्लास त्याच्याही आधी मिटला आणि त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. साइट मात्र इतकी वर्षं तशीच उभी होती. कुणी तिचं भाडं भरलं नाही, कुणी तिथे झाडू मारला नाही. मी वर्षातून एकदोनदा उघडून बघायची, देव्हाऱ्यातल्या दिव्यात तेल आहे ना ते बघावं तशी, आणि आहे म्हणून निश्चिंत व्हायची. परवा उघडली तर वर पिवळी पट्टी. आपल्याला फुकट जागा देणाऱ्या त्या कंपनीने लिहिलं होतं की आम्ही हे काम आता आवरतं घेतो आहोत, आपापलं सामान उतरवून घ्या. खाली शेवटची तारीख. मी ती पट्टी तीनदा वाचली. मी स्वतः वेबसाइट बनवून पोट भरते, रोज कुणाची ना कुणाची साइट इकडून तिकडे हलवते, आणि तुमच्या साइटची एक प्रत काढून ठेवावी हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पट्टीखाली लोकांना निरोपाचं लिहायला जागा ठेवली होती. मी कामधंदा सोडून ते वाचत बसले. कुणी भांडत होतं की एवढ्या कमी दिवसांत सामान कसं उतरवायचं. एकाने लिहिलं होतं की त्याच्या वारलेल्या बायकोचे विणकामाचे नमुने इथे आहेत आणि त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. लगेच खाली चार अनोळखी माणसांनी त्याला मदतीला येतो म्हणून कळवलं होतं. एका बाईने चौदाव्या वर्षी केलेल्या पानाबद्दल लिहिलं होतं की ते बघून मला लाज वाटते, पण ते नसेल तर आणखी वाईट वाटेल. फुकटचं खाऊन वर नावं ठेवणारेही होते, ते कुठे नसतात. तुम्ही असता तर चष्मा नाकावर ओढून सगळं वाचलं असतंत, कुणाकुणाचं व्याकरण चुकलंय ते सांगितलं असतंत, आणि मग हळूच म्हणाला असतात की बरी माणसं आहेत ही.

तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप दोन दिवसांत तयार झाला. कोण कुठे गेलंय, मॅडम. एकजण बँकेत आहे, एकीचं चंदनसारला पाळणाघर आहे, एक दुबईला आहे आणि तिथून रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतो. सगळ्यांना आपापलं पान हवं होतं. एकाला तेवढं नको होतं. तो म्हणाला, बरं झालं, मधोमध भांग पाडलेला माझा तो फोटो जगातून एकदाचा जाईल. बाकीच्यांनी तोच फोटो उतरवून ग्रुपवर टाकला. हसून हसून पुरेवाट झाली, आणि मग कुणीतरी विचारलं की मॅडमचा पासवर्ड कुणाला आठवतो का. जो तो आपल्या जुन्या वह्या शोधायला लागला.

आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण आपण सगळे एकाच खात्यात काम करायचो. दीडशे मुलं, एक खातं, एक पासवर्ड, आणि तो वहीच्या कागदावर लिहून पहिल्या मशीनच्या माथ्यावर चिकटवलेला. आज मी माझ्या हाताखालच्या मुलाला असं करू दिलं तर गिऱ्हाईक मला कोर्टात खेचेल. तुमचं म्हणणं असं की घराला दहा किल्ल्या केल्या तर दहाही हरवतात. नियम एवढाच की प्रत्येकाने आपल्या पानाच्या फाईलला आपला हजेरी नंबर द्यायचा. माझा सदतीस. पान कशावर करायचं याचाही तुमचा नियम होता. तुला जे ठाऊक आहे आणि मला ठाऊक नाही, ते लिही. आणि साइटवर चढवण्याआधी ते सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. कॉम्प्युटरच्या क्लासात असलं काही कुठे असतं का, असं आम्ही जिन्यावर कुरकुरायचो. तुमच्या जुन्या साड्यांची झाकणं शिवून तुम्ही मशीनवर घातली होतीत, ती काढून घडी करून ठेवल्याशिवाय बटणाला हात लावायची सोय नव्हती. वीज गेली की फळ्यावर टॅग, म्हणजे पानाच्या मजकुराभोवती घालायच्या कंसातल्या खुणा, काढून घ्यायचात; उघडणारी खूण घातली की बंद करणारीही घालावी लागते. सुरुवातीचा कंस काढलात की आमच्याकडे बघायचात आणि आम्ही एका सुरात म्हणायचो, उघडलं ते बंद करा.

मी त्या क्लासात कशी आले ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. आमचं गाव खाडीकडचं. भातशेती, आणि शेताला खाऱ्या पाण्यापासून सांभाळणारा मातीचा बांध. त्या बांधात लाकडी झडपेचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायची म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं, भरती लागायच्या आत बंद करायची म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. गावाची उघाडी माझे बाबा सांभाळायचे. ते चौथीपर्यंत शिकलेले. मी बारावी झाले तेव्हा काकांनी मला एका कंपनीत पॅकिंगला लावायचं पक्कं केलं होतं, आणि बाबा होय म्हणत नव्हते, नाही पण म्हणत नव्हते. मी तीन महिने मागून घेतले होते. दोन बस बदलून तुळिंजला यायची. तीन महिन्यांनी बाबा स्वतः क्लास बघायला येणार, पोरगी काय शिकते ते डोळ्यांनी बघणार आणि मग ठरवणार. त्या एका भेटीवर माझं सगळं टांगलेलं होतं.

पान कशावर करू म्हणून मी आठवडाभर रडत होते. बाकीच्या मुलींनी ताजमहाल घेतला होता, पर्यावरण घेतलं होतं. मी कॉम्प्युटरचे फायदे लिहून आणले. तुम्ही दोन ओळी ऐकल्यात आणि म्हणालात, हे मला ठाऊक आहे, बस खाली. मग विचारलंत की घरी वडील काय करतात. मी खाली मान घालून सांगितलं, आणि तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत. तुम्ही देशावरच्या, दुष्काळी गावातल्या. पाणी शेतात येऊ नये म्हणून कुणी जिवाचा आटापिटा करतं हे तुम्ही पहिल्यांदा ऐकत होतात. भरती कधी लागणार ते वडिलांना कसं कळतं, घड्याळ लावतात का, असं तुम्ही विचारलंत. मी बाबांचा हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, त्या दिवशी भरतीचं पाणी सहाला पूर्ण चढणार. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात असं मुळीच नाही. महिनाभर वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळा कापून आणून माझ्या हिशेबाशी ताडून पाहिल्यात, आणि मग म्हणालात, दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, तो लिही, खोटं नको. तसं माझं पान झालं. वर बाबांचा फोटो, एका लग्नातल्या फोटोवाल्याने उघाडीपाशी काढलेला, तुमच्या स्कॅनरवर घातलेला. खाली पंधरा तिथींचा तक्ता. मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही मधे एकदाही थांबवलं नाहीत.

मग तो शनिवार. बाबा संध्याकाळी पाचला यायचे होते. घरी मी एक फुशारकी मारून ठेवली होती. बाबांना म्हटलं होतं की क्लासचा पत्ता टाकला की तुमचाच फोटो पहिला येतो. प्रत्यक्षात पहिलं येई ते तुमचं पान. त्यावर हलणारी समई होती, क्लासचं नाव उजवीकडून डावीकडे सरकत होतं, उद्घाटनाच्या दिवशी तुमच्या सासूबाईंबरोबर काढलेला तुमचा फोटो होता, आणि खाली आम्हा सगळ्यांच्या पानांची यादी, त्यात मी सदतिसावी. त्या दिवशी चार वाजता मी पान चढवलं, आणि फाईलला सदतीसऐवजी पहिल्या पानाचं नाव दिलं. एका खात्यात एका नावाची एकच फाईल राहते. माझं पान आलं आणि तुमचं पुसलं गेलं.

बाबा आले तेव्हा चपला जिन्याखालीच काढून आले होते. तुम्ही त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलंत, साडीचं झाकण काढलंत आणि पत्ता टाइप केलात. मी मागे भिंतीला चिकटून उभी. स्क्रीनवर वरून खाली हळूहळू फोटो उतरायला लागला, आधी आभाळ, मग डोकं, मग खांदा. बाबा पुढे वाकले. मी तुमच्याकडे बघत होते. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बाबांनी विचारलं की माझा फोटो पहिला कसा, आणि तुम्ही म्हणालात की तुमच्या मुलीने लावलाय. मग बाबांनी विचारलं, तुम्ही हितं काय शिकवता. तुम्ही म्हणालात, उघडलेलं बंद करायला शिकवते. बाबांनी दोनदा मान हलवली. त्यांना ते इतकं पटलं की पुढचं काही विचारावंसंच वाटलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "शिकू दे तिला, बाई. पान्याचं मी बघतो."

सोमवारी तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत. फाईलला नाव देताना डोकं कुठे होतं, असं विचारलंत. उद्या एखाद्या हॉस्पिटलचं काम करशील आणि अशीच फाईल पुसशील तर माणसं मरतील म्हणालात. महिनाभर सगळ्या मशीनची झाकणं काढणं-घालणं माझ्याकडे लावलंत. मला ते कमीच वाटलं. मोठ्या मुलांनी विचारलं की मॅडम, तुमचं पान परत कधी लावायचं. तुम्ही म्हणालात, "क्लासची माहिती खाली पाटीवर आहे. ही माहिती कुठेच नाही. आता हेच पहिलं पान." दोन दिवसांनी माझ्या पानाच्या तळाशी सगळ्यांची यादी आली, एकूण एक नाव, बरोबर नंबर. मला वाटलं तुम्ही हजेरीपट समोर ठेवून एका बोटाने ती पुन्हा टाइप केलीत. त्या यादीने मला झाकणांपेक्षा जास्त लाज वाटली. तुमचा तो सासूबाईंबरोबरचा फोटो मात्र गेला तो गेलाच. तुम्ही एवढ्या हौसेने केलेलं पान मी पुसलं, हे ओझं मी या सगळ्या वर्षांत खाली ठेवलेलं नाही. तुम्ही आजारी असताना भेटायला आले होते तेव्हाही तेच सांगायला आले होते, आणि मोसंबी सोलून देऊन परत गेले.

पासवर्ड शेवटी सापडला. तुळिंजमध्येच ज्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे त्याने कळवलं की मला आठवतो, पण ग्रुपवर टाकणार नाही, दुकानात ये. गेले तर त्याने शटरच्या आत बोलावून कानात सांगितला. इतकं लपवायचं कारण विचारलं तर ओशाळून म्हणाला की तेव्हापासून बँकेपासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडे मी हाच लावलाय. तुमच्या माहेरच्या गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मी त्याला तिथल्या तिथे सगळे बदलायला लावले. तुम्ही शिकवलेली मुलं अजून अशी आहेत, मॅडम.

घरी येऊन आत शिरले. दीडशे पानं, फोटो, आणि पाहुण्यांची वही, साइट बघून जाणाऱ्यांनी चार ओळी लिहायची ती जागा. बाहेरून त्या वहीतल्या शेवटच्या वीसच नोंदी दिसायच्या, आतून सगळ्या दिसल्या. कुणी रत्नागिरीकडच्या माणसाने लिहिलं होतं की तुमच्या वडिलांचा हिशेब आमच्याकडे थोडा पुढेमागे होतो पण चालतो. कुणी आजोबा हाच हिशेब करायचे म्हणून आभार मानले होते. प्रत्येकाला खाली तुम्ही उत्तर दिलं होतंत, क्लास बंद झाल्यावरसुद्धा. मी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा आता ऐंशीच्या पुढे, माझ्याकडे चंदनसारला असतात. गावात शेतावरून मोठा रस्ता गेला, उघाडीची झडप कुणी नेली माहीत नाही. मी त्यांना सांगितलं की कंपनी आता हे बंद करते आहे. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "येवढी वर्सं फुकट ठेवला ना फोटो? कोन कोनाचं येवढं ठेवतं? आभार लिव त्यांचे." मग मी त्या निरोपाच्या जागेत जाऊन दोन ओळी आभाराच्या लिहिल्या. विणकामवाल्या आजोबांना नमुने मिळाले होते, तेही लिहून गेले होते.

आणि मग सगळं सामान उतरवताना फायलींच्या यादीत मला एक अनोळखी नाव दिसलं. इंग्रजी अक्षरांत 'जुनेपान'. उघडलं. समई हलायला लागली. क्लासचं नाव उजवीकडून डावीकडे निघालं. आणि खाली तुम्ही, जांभळ्या साडीत, सासूबाईंच्या हातात कात्री. हीच साडी पुढे तीन नंबरच्या मशीनवर गेली, आणि क्लास मिटवताना तिचं झाकण तुम्ही मला दिलंत. आज ते माझ्या शिलाई मशीनवर आहे. मी मोठ्याने रडले, मॅडम. बाबा आतून विचारत राहिले की काय झालं. पान गेलंच नव्हतं. एवढी वर्षं शेजारच्या फाईलीत होतं. ती यादी तुम्ही एका बोटाने टाइप केली नव्हतीत, इथून उचलली होतीत. मनात आणलं असतंत तर त्याच सोमवारी सगळं जागच्या जागी लावता आलं असतं.

मग सवयीने माझी नजर फायली चढवल्याच्या नोंदींकडे गेली. जुनेपान आणि माझं पान, दोन्ही पहिल्यांदा चढल्याच्या नोंदी त्याच शनिवारच्या. त्या कंपनीचं घड्याळ कुठल्या देशाचं असेल ते असो, दोन्हींत अंतर साडेचार तासांचं होतं. पण आधीची माझी नव्हती. माझं पान चढलं चारला. तुम्ही तुमच्या पानाची प्रत काढून ठेवली होतीत त्याच्या साडेचार तास आधी.

त्या सकाळी मी दहाच्या बॅचला आले होते. तुम्ही हजेरी लिहीत होतात. मी तुमच्या टेबलाशी जाऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं की मॅडम, साइटचा पत्ता टाकला की आपोआप कुठल्या नावाची फाईल उघडते. तुम्ही मान वर न करता नाव सांगितलंत आणि पुढचा नंबर पुकारलात. मला वाटलं तुमचं लक्ष नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं की संध्याकाळी बाबा येणार आहेत. बाकीचं तुम्ही ओळखलंत, आणि मला अडवण्याऐवजी गुपचूप तुमचं पान बाजूला ठेवून जागा रिकामी करून दिलीत. मग सोमवारी रागावलात तेही मनापासून, कारण फाईल पुसणं चूकच. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, मॅडम. मी पॅकिंगला गेले नाही, माझ्या मुलीच्या कॉलेजची फी मी माझ्या कामातून भरते, बाबांना माझ्याकडे ठेवून घेता येतं, हे सगळं त्या साडेचार तासांत तुम्ही केलंत. मी नुसती फाईल चढवली.

नवी जागा मी घेतली आहे, माझ्या नावावर, पासवर्डही बरा ठेवलाय. सगळी पानं तिथे चढवली. पहिलं तुमचं लावलं, समईसकट. माझ्या पानाच्या फाईलला सदतीस नाव दिलं आणि ते यादीत त्याच्या जागी गेलं. बाबांना दाखवलं तर तुम्हाला लगेच ओळखलं. म्हणाले, बाईच पयल्या पायजेत. ग्रुपवर सगळ्यांना पत्ता पाठवला. खूप हात जोडलेले आले, दुबईवाल्याने फुलं पाठवली, आणि मधल्या भांगवाल्याने विचारलं की माझं पान काढायचं राहिलं का. एकीने विचारलं, अगं, पण तुझं पान एवढी वर्षं पहिलं कसं काय होतं? मी लिहिलं, चुकून.

हे पत्र मी तुमच्या पाहुण्यांच्या वहीत टाकणार होते, जुन्या जागी, बंद व्हायच्या आत. त्या चौकटीतच लिहीत बसले आहे. पण ती वही सगळ्यांना दिसते, आणि इथवर लिहून झाल्यावर पाठवायच्या बटणावर बोट जात नाही. नवऱ्याला, मुलीला, बाबांना, सगळ्यांना मी आजवर 'चुकून झालं' असंच सांगत आले आहे. त्या दिवशी चार वाजता मी आधी सदतीसच लिहिलं होतं, मॅडम. मग मागे वळून तुम्ही बघत नाही ना ते पाहिलं आणि खोडलं.